शेवटच्या शून्याचा कारभार

सरकारी कचेरीत कामकाजाचे सुलभीकरण जाहीर झाले की नवा फॉर्म निघतो, जुना फॉर्म भरून देणे मात्र बंद होत नाही, आणि काही वर्षांनी या दोन फॉर्मांतील मजकुराचा मेळ घालण्यासाठी तिसरा काढावा लागतो, हा अनुभव ज्यांच्या गाठी आहे त्यांना सी या संगणकीय भाषेच्या मूळ लायब्ररीतील स्ट्रिंग हाताळणाऱ्या फंक्शनांचा इतिहास वाचताना परक्या मुलखात आल्यासारखे मुळीच वाटणार नाही. स्ट्रिंग म्हणजे संगणकाच्या मेमरीत ओळीने मांडलेली अक्षरे. नाव, पत्ता, फाइलचा मार्ग, पासवर्ड, सारे काही अखेर स्ट्रिंगच. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, दोन स्ट्रिंग्ज जोडणे, त्यांची तुलना करणे, त्यांचे तुकडे पाडणे, एवढेच या खात्याचे काम. हे काम सोपे आहे अशी सर्वांची समजूत आहे, आणि गेली पन्नास वर्षे जगातील अत्यंत बुद्धिमान माणसे ते आणखी सोपे करण्यात गुंतलेली आहेत.

या खात्याची स्थापना न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीजमध्ये झाली. मजकूर कोठे संपतो हे यंत्राला कळविण्याचे दोन मार्ग तेव्हा माहीत होते: एक, आरंभीच त्याची लांबी लिहून ठेवणे, दुसरा, शेवटी एखादी खूण करणे. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल भाषेत पहिला मार्ग रूढ होता. केन टॉम्प्सन यांनी तिच्यावरून बी ही भाषा बेतताना दुसरा पत्करला, आणि १९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत डेनिस रिची यांनी बी मधून सी घडविली तेव्हा शेवटच्या खुणेच्या जागेवर शून्याची कायम नेमणूक झाली. रिची यांनी १९९३ साली सीच्या जडणघडणीची हकीकत लिहिली, तीत बी मध्ये शेवटच्या खुणेचा मार्ग पत्करण्याची दोन कारणे दिली आहेत: लांबीचा आकडा आठ-नऊ बिटांच्या कप्प्यात बसवावा लागल्याने मजकुरावर पडणारी मर्यादा टाळावयाची होती, आणि आकडा सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे त्यांना अनुभवाने अधिक सोयीचे वाटले होते. म्हणजे आज ज्याला सारे जग गुंतागुंत म्हणते ते मुळात एक सुलभीकरणच होते.

पॉल-हेनिंग कांप या डॅनिश प्रोग्रामरने २०११ साली एक लेख लिहून या निर्णयाची गणना एका बाइटच्या सर्वांत महागड्या चुकांत केली. लांबी लिहिण्यास दोन बाइट लागले असते, शून्याला एकच पुरला, आणि त्या एका बाइटच्या काटकसरीपायी पुढील पिढ्यांनी किती खर्च सोसला याचा त्यांनी मांडलेला ताळेबंद वाचून मन खिन्न होते. तथापि मला हा निवाडा थोडा कठोर वाटतो. ज्या पीडीपी-११ यंत्रावर ही मंडळी काम करीत होती त्याची सारी मेमरी आरंभी २४ किलोबाइट होती. आज विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेचे जे चित्र आपण मोबाइलवरून शंभर जणांना पाठवितो ते तीत मावले नसते. अशा ठिकाणी एक बाइट वाचविणाऱ्याला उधळ्या वारसांनी दोष देणे फारसे शोभत नाही.

शून्याच्या या अमदानीतील पहिला कारकून म्हणजे स्ट्र-लेन. त्याला स्ट्रिंगची लांबी विचारली की तो पहिल्या अक्षरापासून निघतो, शून्य भेटेपर्यंत मोजीत जातो, आकडा सांगतो आणि तत्क्षणी तो विसरतो. पुन्हा विचारा, तो पुन्हा पहिल्या अक्षरापासून निघेल. त्याच्या कष्टाळूपणाविषयी कोणालाही शंका नाही. लिनक्सवर सामान्यतः जी लायब्ररी असते त्या ग्लिब-सीमध्ये तर त्याला एकेक अक्षर न पाहता आठ-आठ बाइटांचे गठ्ठे एकदम तपासून त्यांत शून्य दडले आहे काय हे बेरीज-वजाबाकीने ओळखण्याची विद्या शिकविलेली आहे, आणि अलीकडच्या प्रोसेसरांवर याहूनही मोठे गठ्ठे तो एका नजरेत तपासतो. त्याचा वेग वाढविण्यासाठी हुशार माणसांनी वर्षानुवर्षे रक्त आटविले. मागच्या खेपेचा आकडा कोठेतरी टिपून ठेवावा ही सूचना मात्र त्याच्या सेवाशर्तींत बसत नाही.

याचे पर्यवसान कशात होते ते २०२१ साली जगाने पाहिले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या सुप्रसिद्ध व्हिडिओ गेमची ऑनलाइन आवृत्ती सुरू होण्यास काही जणांकडे सहा-सहा मिनिटे लागत असत, आणि कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या या खेळाचे दार उघडेपर्यंत लोक वर्षानुवर्षे निमूटपणे बाहेर तिष्ठत. अखेर एका त्रासलेल्या खेळाडूने स्वतःच प्रोग्रामची चिरफाड केली. आत सुमारे १० मेगाबाइटची एक यादी होती, तीत ६३ हजारांच्या आसपास नोंदी होत्या, आणि त्या वाचण्याचे काम एस-स्कॅन-एफ या फंक्शनकडे सोपविलेले होते. प्रत्येक बारीकशी नोंद वाचण्यापूर्वी हे महाशय स्ट्र-लेनला बोलावून उरलेल्या सबंध यादीची लांबी विचारीत. स्ट्र-लेन बिचारा मुकाट्याने शेवटपर्यंत जाऊन येई. मग दोनचार अक्षरे वाचली जात, आणि पुन्हा त्याला हाक पडे. हे आणि असेच आणखी एक दुखणे काढून टाकल्यावर सहा मिनिटांची दोनहून कमी झाली. कंपनीने त्या खेळाडूला १० हजार डॉलर बक्षीस दिले. स्ट्र-लेनला काही मिळाल्याचे ऐकिवात नाही.

स्ट्र-कॉपी आणि स्ट्र-कॅट हे दोघे भाऊ नकलनवीस. पहिला एका जागेवरील मजकूर दुसऱ्या जागी उतरवून देतो, दुसरा तो आधीच्या मजकुराच्या शेपटास जोडतो. दोघांचे हस्ताक्षर उत्तम. परंतु ज्या कागदावर उतरवावयाचे तो केवढा आहे हे विचारण्याची त्यांना मनाई आहे. कागद संपला तर ते टेबलावर लिहितात, टेबल संपले तर शेजाऱ्याच्या वहीत लिहितात, आणि मूळ मजकुरातील शून्य आल्यावरच लेखणी खाली ठेवतात. काम झाल्यावर ते काय परत देतात, तर ज्या जागी लिहावयास सांगितले होते त्या जागेचा पत्ता, जो सांगणाऱ्यानेच त्यांना दिलेला असतो. लिहिणे नेमके कोठे संपले ही एकच उपयुक्त बातमी त्यांना या फेरफटक्यात कळलेली असते, आणि ती ते कोणाला सांगत नाहीत. म्हणून दहा तुकडे एकापुढे एक जोडावयाचे असले तर स्ट्र-कॅट दहाही वेळा आरंभापासून चालत शेपूट शोधीत येतो. ही बातमी सांगणारा एसटी-पी-कॉपी नावाचा मवाळ वृत्तीचा एक चुलतभाऊ पुढे ऑपरेटिंग सिस्टिमांसाठीच्या पॉझिक्स प्रमाणाच्या २००८ च्या आवृत्तीत मान्य झाला. त्याची ओळख फार थोड्यांना आहे.

कागद किती मोठा घ्यावा हे ठरविण्याची जबाबदारी अशा रीतीने सर्वस्वी प्रोग्रामरवर येते, आणि जुन्या कोडमध्ये जागा मागण्याच्या ओळी वाचीत गेल्यास लिहिणाऱ्याचा स्वभाव जन्मपत्रिकेपेक्षा अधिक स्पष्ट कळतो. लांबी अधिक एक, असे ज्याने लिहिले तो शास्त्राभ्यासी गृहस्थ. एक जागा शून्याची, हे तो विसरलेला नाही. लांबी अधिक दोन लिहिणारा फोल्डर आणि फाइल यांच्यामध्ये तिरकी रेघ घालणार आहे. लांबी अधिक दहा लिहिणाऱ्याला कशाचीच खात्री नाही, पण बायकामुले आहेत. ज्याने नुसतेच २५६ लिहून पुढचा रस्ता धरला त्याने नियतीशी समेट केलेला असतो; आणि ज्याने १,०२४ लिहून शेजारी, एवढे पुरेल, अशी टीप ठेवली आहे त्या टिपेपाशी पुढे केव्हातरी सुरक्षा-तपासनीसांची मोठी गर्दी होते. ग्लिब-सीसारख्या मातब्बर लायब्ररीचीही यातून सुटका झाली नाही. इंटरनेटवरील नावाचा पत्ता शोधणाऱ्या तिच्या एका फंक्शनात जागेची बेरीज करताना एक रकम धरावयाची राहिली, आणि हा चारआठ बाइटांचा घोळ २००० साली प्रविष्ट होऊन २०१५ च्या जानेवारीत ‘घोस्ट’ या नावाने जगजाहीर झाला. त्यातही मौज अशी की २०१३ साली कोणीतरी ती बेरीज दुरुस्त केलेली होती. परंतु ती किरकोळ दुरुस्ती समजली गेल्याने जुन्या, टिकाऊ म्हणून नावाजलेल्या अनेक लिनक्स आवृत्त्यांना तिचा लाभ झालाच नाही.

किरकोळ मंडळींचा परिचय थोडक्यात उरकतो. स्ट्र-कंप याला दोन स्ट्रिंग्ज देऊन, या सारख्या आहेत काय, असे विचारले तर सारख्या असल्यास तो शून्य म्हणतो, आणि सी भाषेत शून्य म्हणजे नाही. वास्तविक त्याला फरक कोणत्या बाजूचा आहे हे सांगावयाचे असते, आणि फरक शून्य हे उत्तर अचूकच आहे. पण त्याच्या या वकिली नेमकेपणामुळे कित्येक प्रोग्रामांचे दरवाजे चुकीच्या पासवर्डाला उघडले असतील. स्ट्र-टोक हा तुकडे पाडणारा. तो मूळ दस्तऐवज हातात घेऊन ठिकठिकाणी शून्ये ठोकून त्याच्या चिंध्या करतो, आणि आपण कोठवर आलो हे स्वतःच्याच डोक्यात ठेवतो. मध्येच दुसऱ्या कोणी त्याला वेगळे काम सांगितले तर पहिल्या अर्जदाराला दुसऱ्याच्या कागदाचा तुकडा मिळतो. इंडेक्स आणि स्ट्र-चार हे तर एकाच पदावरील एकच गृहस्थ: युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन शाखांपैकी बर्कलेकडची (बीएसडी) मंडळी त्यांना एका नावाने हाक मारीत, सिस्टिम फाइव्हकडची दुसऱ्या. २००८ च्या पॉझिक्स प्रमाणाने इंडेक्स हे नाव पटावरून कमी केले. ग्लिब-सीमध्ये ते अद्याप हजेरी लावून जाते.

बडतर्फीचे एकच ठळक उदाहरण या खात्यात सापडते, आणि ते गेट्स या फंक्शनचे. (त्या आडनावाच्या धनाढ्य गृहस्थांशी याचे काही नाते नाही.) गेट्सचे काम बाहेरून आलेली ओळ वाचून घेणे, मात्र ती ठेवावयाची जागा केवढी आहे हे त्याला सांगण्याची सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर सोडलेल्या स्वयंचलित प्रोग्रामने ही गोष्ट हेरली. फिंगर नावाच्या सेवेत ५१२ बाइटांचे पात्र गेट्सच्या स्वाधीन केलेले होते; मॉरिसच्या प्रोग्रामने त्यात ५३६ ओतले, आणि सांडलेल्या २४ बाइटांच्या बळावर यंत्राचा ताबा घेतला. अमेरिकेतील विद्यापीठांचे संगणक त्या रात्री धडाधड कोसळले. इतक्या मोठ्या प्रकरणानंतर गेट्सची सखोल चौकशी झाली असेल असे वाटते. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी, १९८९ साली, सी भाषेचे पहिले अधिकृत प्रमाण मंजूर झाले आणि त्यात गेट्सचे नाव सन्मानाने दाखल झाले. त्याला काढून टाकण्याचा हुकूम २०११ साली निघाला. मॉरिसच्या प्रकरणापासून २३ वर्षे गेली, हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता सुलभीकरणाच्या मुख्य प्रकरणाकडे वळतो. स्ट्र-कॉपी कागदाचा आकार विचारीत नाही, हे दुखणे जुनेच. त्यावर पहिला उपाय म्हणून लोक स्ट्र-एन-कॉपीकडे धावले, कारण त्याला आकार सांगता येतो. परंतु स्ट्र-एन-कॉपी मुळात या कामासाठी नेमलेलाच नव्हता. आरंभीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे: दोन बाइट क्रमांकाचे आणि १४ नावाचे. नाव आखूड असेल तर उरलेले रकाने शून्यांनी भरावयाचे, आणि पुरते चौदा अक्षरी असेल तर शून्याला जागाच ठेवावयाची नाही, असा तेथील दंडक. त्या १४ रकान्यांच्या तक्त्यावर स्ट्र-एन-कॉपीने निर्दोष सेवा केली. पुढे त्याच्या नावातील एन हे अक्षर पाहून लोकांनी त्याला सुरक्षा-अधिकारी समजून सर्वत्र बदलीवर धाडले, आणि तेथेही तो आपला मूळ दंडक इमानाने पाळू लागला. मजकूर मोठा असला तर तो शेवटचे शून्य लिहीत नाही, की पुढचा वाचणारा थेट रानात. आणि मजकूर लहान असला तर ४,०९६ बाइटांच्या जागेत पाच अक्षरांचे नाव लिहून त्यामागे तो ४,०९१ शून्ये शांतपणे लिहीत बसतो.

तेव्हा १९९८ साली ओपन-बीएसडीच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी स्ट्र-एल-कॉपी नावाचा नवा, तरतरीत उमेदवार पुढे आणला. हा आकार विचारतो, शून्य न चुकता लिहितो, फाजील शून्ये लिहीत नाही, आणि मूळ मजकूर किती लांब होता तेही सांगतो, म्हणजे मजकूर कापला गेला की नाही ते ताडून पाहता येते. बीएसडी घराण्यांत त्याचे स्वागत झाले. २००० साली त्याचा अर्ज ग्लिब-सीकडे गेला. तेथील तत्कालीन प्रमुख उलरिच ड्रेपर यांनी तो ज्या शब्दांत फेटाळला ते शब्द येथे देण्यासारखे नाहीत. विरोधकांच्या बाजूला अर्थ नव्हता असे नाही: स्ट्र-एल-कॉपी मजकूर निमूटपणे कापतो, आणि सांगितलेली लांबी ताडून पाहण्याचे कष्ट ज्याला घ्यावयाचे आहेत तो जागा आधीच मोजून घेईल, असे त्यांचे म्हणणे. मात्र या मतभेदाच्या काळात जगाचे काम थांबले नाही. ज्याला त्याला हा कारकून हवा होता, आणि मुख्य कचेरी त्याला नेमीत नव्हती. म्हणून प्रत्येक प्रकल्पाने तो आपापल्या घरी ठेवून घेतला. जी-लिबमध्ये तो जी-स्ट्र-एल-कॉपी झाला, एफ-एफ-एमपेगमध्ये एव्ही-स्ट्र-एल-कॉपी झाला, अपाचेने त्याच्यासारखाच एक निराळ्या नावाने बाळगला, क्यूटीने आणखी एक. सुलभीकरणासाठी एखाद्या मोठ्या प्रकल्पात शिरलेल्या उत्साही तरुणाला मजकुराची नक्कल करणारे पाच प्रकारचे खाजगी नोकर सापडतात आणि प्रत्येकाची शून्याविषयीची तत्त्वे थोडी थोडी वेगळी असतात, त्याचे कारण हे.

लिनक्सच्या कर्नलनेही, म्हणजे गाभ्यानेही, स्ट्र-एल-कॉपीला आपल्या चाकरीत घेतले होते. तेथे त्याचा एक ऐब ध्यानात आला. मूळ मजकुराची लांबी सांगावयाची म्हणून हा गृहस्थ, दहाच अक्षरे उतरवावयाची असली तरी, मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचून येतो. आणि मूळ मजकुरालाच शेवटी शून्य नसले तर कर्नलच्या मेमरीत नको तेथपर्यंत वाचीत जातो. मग २०१५ साली कर्नलमध्ये स्ट्र-एस-कॉपी आला. तो जेवढे उतरविले तेवढेच सांगतो, आणि मजकूर मावला नाही तर सरळ नकारघंटा देतो. त्यानंतर एकेक ओळ करीत कर्नलमधून स्ट्र-एल-कॉपीला हुडकून काढण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालली.

आणि येथे या खात्याच्या इतिहासातील मला सर्वांत प्रिय योगायोग घडतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लिब-सीची २.३८ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात, अर्ज केल्यापासून २३ वर्षांनी, स्ट्र-एल-कॉपीची नेमणूक झाली. जी मुदत गेट्सच्या बडतर्फीला लागली तीच याच्या नियुक्तीला. खात्याचा कारभार निःपक्षपाती आहे यात संशय नाही. पुढच्याच वर्षी पॉझिक्सनेही त्याला मान्यता दिली. मात्र त्याच २०२४ सालच्या आरंभी, ग्लिब-सीतील नेमणुकीचे पेढे अजून वाटले जात असतील-नसतील तोच, लिनक्स कर्नलच्या ६.८ व्या आवृत्तीतून स्ट्र-एल-कॉपीचे नाव कायमचे खोडले गेले. एकाच यंत्रात, तळमजल्यावर ज्याला कालबाह्य म्हणून निरोप दिला त्याचेच वरच्या मजल्यावर आधुनिक सुधारणा म्हणून हारतुऱ्यांनी स्वागत झाले.

सी भाषेच्या २०११ सालच्या प्रमाणाच्या, म्हणजे सी ११ च्या, परिशिष्टात सरकारी खर्चाने तयार केलेली स्ट्र-कॉपी-एस वगैरे एक समांतर फलटणही आहे. तिचा आग्रह मुख्यतः मायक्रोसॉफ्टकडून झाला होता, इतरांनी ती फारशी उभी केली नाही, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टची फलटण परिशिष्टातील कवायतीप्रमाणे चालत नाही. याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की शून्याला हाकलून बीसीपीएलप्रमाणे लांबीच लिहावी म्हणजे झाले. पण लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचेही परिणाम आपण भोगलेले आहेत. २०१४ सालच्या ‘हार्टब्लीड’ प्रकरणात इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपन-एसएसएल या लायब्ररीकडे कोणीही जाऊन एकदोन अक्षरे द्यावीत, ही चौसष्ट हजार आहेत असे सांगावे, आणि ओपन-एसएसएलने भिडस्तपणे तेवढी अक्षरे, उरलेली शेजारच्या मेमरीतून भरून, परत करावीत, असा प्रकार दोन वर्षे चालला होता. त्याहून गमतीचे, दोन्ही पंथ एका कचेरीत नांदू लागले की होते. इंटरनेटवरील प्रमाणपत्रांत नाव लांबीसकट लिहिलेले असते. २००९ साली असे दाखविण्यात आले की एखाद्याने बँकेचे नाव, मग एक शून्य, मग स्वतःच्या मालकीच्या संकेतस्थळाचे नाव, असे लांबलचक नाव लिहून अर्ज केला तर दाखला देणारा अधिकारी शेपूट पाहून, हे याच्याच मालकीचे आहे, म्हणून शिक्का मारतो. आणि ब्राउझर, सी भाषेच्या संस्कारात वाढलेला असल्याने, पहिल्या शून्यापाशी वाचणे थांबवून, ही तर बँकच, म्हणून नमस्कार करतो. दोघांनीही आपापले नियम पाळले होते.

आपल्या मराठी मजकुराचा या कारभाराशी संबंध येतो तो नेमका कापाकापीच्या वेळी. महाराष्ट्र हा शब्द वाचणाऱ्याच्या दृष्टीने चार अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबी त्यात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे दहा घटक. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेत असल्याने स्ट्र-लेन याची लांबी तीस सांगतो. स्ट्र-एल-कॉपीला १६ बाइटांची जागा दिली तर तो १५ बाइट उतरवून सोळाव्यावर शून्य ठेवतो, आणि राज्य ‘महारा’ एवढेच उरते, जे निदान उच्चारता तरी येते. १४ बाइटांची दिली तर ‘महार’ लिहून पुढच्या कान्याचा पहिला एकतृतीयांश तेवढा तो ठेवतो, आणि पडद्यावर काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह उमटते. सरकारी पोर्टलवर आपले आडनाव प्रश्नचिन्हाने संपलेले पाहून ज्यांना आपल्या वंशाविषयी शंका आली असेल त्यांनी हे ध्यानी घ्यावे. तरी देखील यूटीएफ-८ च्या कर्त्यांचे आपण आभारच मानले पाहिजेत. १९९२ च्या सप्टेंबरात केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्या सोबतीत न्यू जर्सीतील एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर ही योजना आखली, तेव्हा कोणत्याही भाषेच्या कोणत्याही अक्षरात शून्याचा बाइट येणार नाही याची त्यांनी खबरदारी घेतली, म्हणजे सीचे जुने कारकून अडखळू नयेत. शून्याला शेवटी बसविण्याच्या कामात ज्यांचा हात होता त्यांनीच वीस वर्षांनी साऱ्या जगाच्या लिप्या त्या शून्याला वळसा घालून नेल्या.

मग खरोखर सुलभीकरण कोणी केले आहे काय? केले आहे, पण त्यांनी एकही नवा कारकून नेमलेला नाही. त्यांनी नकलेचे काम कारकुनांच्या हातून काढून घेतले. इटलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी रेडिस या डेटाबेससाठी केलेली योजना मला विशेष आवडते. स्ट्रिंगची लांबी ते मजकुराच्या किंचित अलीकडे लिहून ठेवतात आणि पॉइंटर, म्हणजे जागेचा पत्ता, मात्र मजकुराचाच देतात. जुन्या कारकुनांना ती नोंद दिसत नाही, ते नेहमीप्रमाणे शून्यापर्यंत चालत जाऊन समाधानी राहतात, आणि जाणते लोक एक पाऊल मागे वाकून आकडा पाहून घेतात. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२० साली आपल्या लायब्ररीत गरजेप्रमाणे वाढणारा एकच बफर आणला, आणि त्याला जन्मतःच वाढीची कमाल मर्यादा नेमून दिली. जागोजाग पसरलेल्या त्या अधिक-एक, अधिक-दोनच्या बेरजा मग एका फाइलीत आल्या, आणि चुकायचेच असेल तर एके ठिकाणी चुकण्याची सोय झाली. अशा बदलांच्या अहवालात वाढविलेल्या ओळींपेक्षा काढलेल्या ओळींचा आकडा मोठा असला की तो लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज दिसते ते मुलाचा पहिला नंबर आलेल्या बापाच्याही चेहऱ्यावर क्वचितच दिसेल.

कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीची मंडळी याहून पुढे गेली. २०१८ साली त्यांनी एक छोटी फाइल केली आणि तीत स्ट्र-कॉपी, स्ट्र-कॅट, स्ट्र-एन-कॉपी अशा जुन्या सेवकांची नावे एकामागून एक दाखल केली. यांपैकी कोणाला कोडमध्ये हाक मारली की कंपायलरला त्या जागी, क्षमस्व, हे फंक्शन निषिद्ध आहे, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे, मुळात अस्तित्वातच नसलेले एक नाव दिसते, आणि तो ते शोधीत अडून बसतो. हद्दपारीच्या हुकुमाचा आरंभ क्षमायाचनेने करण्याची ही रीत मला फार सभ्य वाटली.

या सगळ्या साफसफाईतून एक असामी मात्र अद्याप सुटून राहिलेली आहे. ग्लिब-सीमध्ये स्ट्र-फ्राय नावाचे एक फंक्शन आहे. त्याला कोणतीही स्ट्रिंग द्या, तो तिच्यातील अक्षरे यदृच्छेने मागेपुढे करून परत देतो. त्याच्या शेजारी मेम-फ्रॉब बसतो, जो दिलेल्या मेमरीतील प्रत्येक बाइटची ४२ या संख्येशी गाठ घालून ती वाचण्याजोगी ठेवीत नाही. दोघांचीही अधिकृत माहितीपत्रके उपलब्ध आहेत, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचतात. स्ट्र-फ्राय मूळ जागेतच काम करीत असल्याने कागद अपुरा पडण्याचा प्रश्न त्याच्याकडे उद्भवत नाही, शून्याला तो हात लावीत नाही, आणि हाती आलेला मजकूर बिघडविणे हे त्याच्या नेमणूकपत्रातच लिहिलेले असल्याने त्याच्याविरुद्ध तक्रारीला जागाच उरत नाही.